दैवावरील फिर्याद

भर्तृहरीच्या नीतिशतकात एका टकल्या माणसाची हकीकत आहे. माध्यान्हीच्या उन्हाने डोके तापून निघाल्यामुळे हा गृहस्थ सावली शोधीत निघतो, एका ताडाच्या, किंवा काही पाठांप्रमाणे बेलाच्या, झाडाखाली येऊन उभा राहतो, आणि त्याच क्षणी वरून एक भले मोठे फळ सुटून नेमके त्याच्या उघड्या मस्तकावर आदळते. अभाग्याने कोठेही आश्रय घेतला तरी संकटे बहुधा तेथेच येऊन हजर होतात, असा या प्रसंगावरून कवीने सिद्धान्त काढला आहे. वामन पंडितांनी ही शतके मराठीत आणल्यापासून आपल्याकडे हा श्लोक दैवाच्या अगाध सामर्थ्याचा पुरावा म्हणून मोठ्या गांभीर्याने पठण केला जातो; परंतु सिद्धान्त कितीही गंभीर असला तरी दाखला निखालस विनोदी आहे, ही गोष्ट पठण करणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. तेच फळ एखाद्या जटाधारी बैराग्याच्या डोक्यावर पडते तर तो केवळ अपघात झाला असता. येथे टक्कल हवे, त्या टकलाला ऊन लागायला हवे, आणि त्या उन्हावर योजलेला उपाय हाच अपायाचे कारण व्हायला हवा. इतकी जुळवाजुळव झाल्याखेरीज ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू उमटत नाही.

नित्याच्या व्यवहारात आपण सारेच त्या टकल्याचे वंशज आहोत. छत्री घेऊन निघालो की आभाळ निरभ्र राहते आणि विसरलो की मुसळधार कोसळते. आपण ज्या रांगेत उभे राहतो ती खिळल्यासारखी थांबते आणि शेजारची सरसर पुढे सरकते. अर्धा तास तिष्ठत ठेवणाऱ्या बसगाड्या अखेर येतात त्या एकीच्या पाठीला एक लागून. या सर्व प्रकारांत आपली फिर्याद एकाच आरोपीवर असते, आणि तो म्हणजे दैव. ही फिर्याद पिढ्यान्‌पिढ्या चालत आली असली तरी तिची रीतसर चौकशी होऊ लागली ती मात्र अलीकडे, आणि ज्या प्रसंगामुळे या विषयाला इंग्रजी भाषेत कायमचे नाव मिळाले तो प्रसंगही चौकशीस पात्र असाच आहे.

दुसरे महायुद्ध संपल्यावर अमेरिकेच्या हवाईदलापुढे असा प्रश्न होता की विमान कोसळताना बसणारा धक्का मानवी शरीर कोठवर सहन करू शकते. गुरुत्वाकर्षणाच्या अठरा पटींपलीकडचा धक्का प्राणघातक ठरतो, अशी तोवरची समजूत होती आणि वैमानिकांच्या आसनांची बांधणी त्याच हिशेबाने होत असे. जॉन पॉल स्टॅप नावाच्या लष्करी डॉक्टराला ही समजूत मान्य नव्हती. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात मुरॉक येथे, म्हणजे ज्या तळाला पुढे एडवर्ड्स हे नाव मिळाले तेथे, सुमारे दोन हजार फूट लांबीचा रूळमार्ग होता. त्यावर अग्निबाणांच्या जोराने एक घसरगाडी सुसाट सोडायची, पुढे जोरकस ब्रेक लावून ती काही फुटांत थांबवायची, आणि तिच्यात आरंभी पुतळा व नंतर जिवंत मनुष्य बसवून धक्क्याचे मोजमाप करायचे, असा त्याचा प्रयोग होता. हा जिवंत मनुष्य अनेक वेळा स्वतः स्टॅपच असे. हाडे मोडली, दातांतील भरण निखळले, डोळ्यांत रक्त उतरले, तरी या माणसाने आपला हट्ट सोडला नाही. पुढे १९५४ च्या डिसेंबरात न्यू मेक्सिकोतील होलोमन येथे तो ताशी ६३२ मैलांच्या वेगाने गेला आणि १.४ सेकंदांत थांबला. त्या वेळी त्याच्या देहाने गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पटींहून अधिक धक्का सोसला, आणि अठरा पटींची ती समजूत कायमची निकालात निघाली.

आपल्या प्रस्तुत कथेचा काळ १९४९ चा. धक्क्याचे माप अधिक अचूक व्हावे म्हणून ओहायोतील राइट फील्ड येथून कॅप्टन एडवर्ड मर्फी नावाचा एक अभियंता काही नवी मापके घेऊन तळावर आला. प्रवाशाच्या छातीवरील पट्ट्यांना ही मापके जोडायची आणि पट्ट्यांवर पडणाऱ्या ताणाची बेरीज करून धक्क्याचे बळ काढायचे, अशी योजना होती. गाडी सुटली, धडधडत गेली, थांबली, आणि नोंद पाहावी तो शून्य! तपासाअंती असे उघड झाले की प्रत्येक मापक दोन प्रकारे जोडता येण्याजोगे होते आणि जोडणाऱ्याने ती सारी उलट्या प्रकारे जोडली होती, त्यामुळे ज्या नोंदी एकमेकींत मिळवायच्या त्या एकमेकींतून वजा होऊन गेल्या. त्या फेरीत गाडीवर कोण होते याविषयी साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत. कोणी चिंपांझी होता म्हणतात, कोणी स्वतः स्टॅप होता म्हणतात. मर्फी संतापला. एखादे काम चुकीच्या रीतीने करण्याची सोय असेल तर हा मनुष्य ते त्याच रीतीने करील, अशा आशयाचे काही तरी तो त्या तंत्रज्ञाला उद्देशून बोलला. नेमके शब्द कोणते होते याबद्दल पुढे मर्फीचे कुटुंबीय आणि तळावरील मंडळी यांच्यात वाद झाला, आणि तो अखेरपर्यंत मिटला नाही. अपयशाविषयीच्या नियमाचा मूळ मजकूरच धडपणे जपला जाऊ नये, हे त्या नियमाच्या स्वभावाला धरूनच झाले म्हणायचे.

प्रयोगाचा व्यवस्थापक जॉर्ज निकल्स याने मर्फीच्या त्या उद्‌गाराला 'मर्फीचा नियम' असे नाव दिले आणि तळावरील मंडळींत ते रुळले. त्यानंतर काही काळाने वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींनी स्टॅपला विचारले की इतक्या जिवावरच्या प्रयोगांत कोणी मनुष्य दगावला कसा नाही, तेव्हा त्याने उत्तर दिले की आम्ही मर्फीचा नियम मानतो. म्हणजे जे जे बिघडू शकेल ते बिघडणारच असे गृहीत धरतो आणि त्याचा बंदोबस्त आधी करून ठेवतो. वार्ताहरांनी हे वाक्य उचलले, विमानांच्या कारखान्यांनी ते आपल्या जाहिरातींत वापरले, आणि काही वर्षांतच ते सर्वतोमुखी झाले. परंतु लोकांनी यातील पूर्वार्ध तेवढा घेतला आणि बंदोबस्ताचा उत्तरार्ध सोडून दिला, हे या नियमाचे खरे दुर्दैव. अभियंत्याने सावधगिरीचे सूत्र म्हणून जे सांगितले होते ते कपाळावर हात मारून घेण्याचे निमित्त झाले.

ही कल्पना मर्फीला प्रथम सुचली असेही नाही. आल्फ्रेड होल्ट या जहाजांच्या मालकाने १८७७ मध्येच लंडनच्या अभियंत्यांच्या सभेत, समुद्रावर जे बिघडण्यासारखे असते ते आज ना उद्या बिघडतेच, असे सांगितले होते. आणि नेव्हिल मॅस्केलिन या जादूगाराने १९०८ मध्ये रंगमंचावरील प्रथम प्रयोगांविषयी जवळपास हेच गाऱ्हाणे मांडले होते. जहाज, जादू आणि अग्निबाण या तिन्ही धंद्यांत क्षणाची चूक उघड्यावर पडते, म्हणून हे शहाणपण तेथे लवकर सुचले असावे.

आता फिर्यादीच्या एकेका कलमाकडे वळू. यातील सर्वांत प्रसिद्ध कलम लोणी लावलेल्या पावाच्या कापाचे आहे. मेजावरून निसटलेला काप लोण्याच्या बाजूने जमिनीवर पडतो, ही युरोपातील घराघरांतली तक्रार. आपल्याकडे तूपगूळ माखलेला भाकरीचा तुकडा मुलाच्या हातून सुटला तर त्याचीही गत याहून निराळी होत नाही. नव्वदच्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश दूरदर्शनवरील एका कार्यक्रमात असे कापच्या काप हवेत उडवून पाहण्यात आले, आणि लोण्याची बाजू निम्म्या वेळा वर व निम्म्या वेळा खाली पडल्यामुळे दैवाला निर्दोष ठरवून प्रकरण दफ्तरदाखल करण्यात आले. रॉबर्ट मॅथ्यूज या भौतिकशास्त्रज्ञाला हा निकाल पटला नाही, आणि त्याचे कारण अगदी साधे होते: नाणेफेकीसारखा पाव उडवून न्याहारी कोणी करीत नाही. काप मेजाच्या कडेवरून घसरतो, तेव्हा त्याची अर्धी बाजू आधाराबाहेर गेल्यावर तो कडेभोवती कलतो आणि त्या कलण्यातच त्याला गिरकी मिळते. ही गिरकी मंद असते. मेजाची उंची सुमारे पाऊण मीटर, आणि तेवढे अंतर पडायला लागतात सेकंदाचे जेमतेम चार दशांश. या अवकाशात कापाची साधारण अर्धी गिरकी पुरी होते आणि लोण्याची बाजू, जी सुटताना वर होती, ती खाली येते. लोण्याच्या वजनाचा यात जवळजवळ काहीच संबंध नाही. कागदाचा पुठ्ठा तेवढ्याच उंचीवरून सरकवला तर तोही पालथाच पडेल, फक्त त्याबद्दल कोणी हळहळणार नाही.

मॅथ्यूजने १९९५ मध्ये युरोपातील एका भौतिकशास्त्रीय नियतकालिकात या विषयावर निबंध प्रसिद्ध केला आणि त्यात तो याच्याही पुढे गेला. कापाने पुरी गिरकी घेऊन उताणे पडावे असे वाटत असेल तर मेज सुमारे तीन मीटर उंच हवे. मेज तीन मीटर उंच असायचे तर त्यापुढे बसणारा मनुष्य त्याच प्रमाणात उंच हवा. पण दोन पायांवर उभा राहणारा प्राणी इतका उंच असेल तर तो अडखळून पडताच त्याची कवटी फुटेल, कारण हाडांचा कणखरपणा अणूंमधील बंधांच्या बळावर ठरतो, आणि ते बळ विश्वातील मूलभूत स्थिरांकांवर. तात्पर्य, हे विश्व ज्या घडणीचे आहे त्या घडणीत तूपगुळाच्या भाकरीने पालथे पडावे हेच विहित आहे! युक्तिवाद गंभीर मुद्रेने केलेल्या थट्टेसारखा असला तरी त्यातील गणित खरे आहे. पुढे २००१ मध्ये ब्रिटनमधील शाळकरी मुलांनी हजारो काप मेजावरून पाडून पाहिले तेव्हा लोण्याची बाजू सुमारे ६२ टक्के वेळा खाली आली. म्हणजे या एका कलमात फिर्यादी खरा ठरला. आरोपी मात्र बदलला, कारण दोष मेजाच्या उंचीचा निघाला.

रांगेचे कलम याहून सोपे आहे. तिकिटाच्या तीन खिडक्यांपुढे तीन रांगा असतील आणि त्यांची गती योगायोगावर अवलंबून असेल, तर आपली रांग सर्वांत आधी सरकण्याचा संभव तिनात एक. उजवी-डावीपैकी कोणती तरी पुढे जाण्याचा संभव तिनात दोन. पाच खिडक्या असल्यास पाचांपैकी चार वेळा आपण मागे पडणार. याला दुर्दैव म्हणायचे तर मग त्याच्या वाटणीत आपल्याबरोबर उभा असलेला प्रत्येक मनुष्य सारखाच भागीदार आहे.

बसगाडीचे प्रकरण मात्र विचार करण्यासारखे आहे, कारण त्यात थोडी फसवणूक दडलेली आहे. समजा, वेळापत्रकाप्रमाणे दर दहा मिनिटांनी गाडी यावयाची आहे. तर वाटेल त्या वेळी थांब्यावर येणाऱ्या उतारूला सरासरी पाच मिनिटे थांबावे लागेल, असा कोणीही हिशेब करील. परंतु वास्तवात गाड्या आलटून पालटून पाच आणि पंधरा मिनिटांच्या अंतराने येत असतील, तर कचेरीच्या कागदावर सरासरी दहाचीच राहते, आणि उतारू मात्र चारांतून तीन वेळा पंधराच्या लांब खंडातच येऊन पडतो, कारण तो खंडच मोठा आहे. त्याची सरासरी प्रतीक्षा पाचाऐवजी सव्वासहा मिनिटे भरते. कचेरीतला अधिकारी आणि थांब्यावरचा उतारू दोघेही खरे बोलत असतात आणि तरीही दोघांचे एकमत होत नाही. पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांतील तक्रारींचे निम्मे रकाने या एका विसंगतीवर पोसले गेले असतील.

तीन गाड्या एकदम येण्याचे गूढही असेच उकलते. एखादी गाडी वाहतुकीत अडकून दोन मिनिटे मागे पडली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी अधिक माणसे साचलेली असतात. ती चढता-उतरता तिला आणखी उशीर होतो, त्यामुळे त्यापुढच्या थांब्यावर आणखी माणसे साचतात. तिच्या मागच्या गाडीला मात्र थांबे रिकामे मिळत जातात आणि ती पुढचीला येऊन गाठते. न्यूएल आणि पॉट्स या दोघा अभ्यासकांनी १९६४ मध्ये हे गणिताने मांडून दाखविले: समान अंतराने सोडलेल्या गाड्या आपोआप समान अंतरावर राहत नाहीत, त्यांचा कल एकत्र येण्याकडेच असतो. त्यातही गंमत अशी की चेंगराचेंगरी असते ती पहिल्या गाडीत, आणि तिच्या पाठोपाठ येणारी निम्मी रिकामी असते. पण अर्धा तास उभा राहिलेला मनुष्य 'मागची गाडी रिकामी आहे' या वाहकाच्या शब्दावर विश्वास ठेवीत नाही. त्याच्या आयुष्याचा अनुभव निराळा असतो.

छत्रीचा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. शंभर वेळा घराबाहेर पडलो, त्यांतील दहा वेळा पाऊस लागला, आणि वेधशाळेचा अंदाज शेकडा ऐंशी वेळा बरोबर येतो असे धरले, तर पावसाच्या दहा खेपांपैकी आठांची सूचना मिळेल हे खरे. परंतु कोरड्या नव्वद खेपांपैकी अठरांतही पावसाची खोटी सूचना मिळेल. एकूण सव्वीस वेळा आपण छत्री नेली आणि त्यांत अठरा वेळा ती काखोटीला मारून कोरडी परत आणली! वेधशाळा प्रामाणिक, छत्री निर्दोष, आणि तरी मनुष्याचा संताप रास्त. आषाढातल्या रत्नागिरीत हा हिशेब चालत नाही, तेथे छत्री न्यावी की नाही हा प्रश्नच उद्भवत नाही. पण पुण्यासारख्या, पावसाने चिंचुके मोजल्यासारखे पडावे अशा गावी तो हमखास लागू पडतो.

याच न्यायाने आपल्याकडच्या 'दुष्काळात तेरावा महिना' या म्हणीचीही तपासणी करता येईल. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे आणि सौर वर्ष ३६५ दिवसांचे. दरसाल पडणारी ही अकरा दिवसांची तूट भरून काढण्यासाठी पंचांगकर्ते साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक महिना घालतात. बारा महिन्यांच्या बेगमीत आधीच ओढाताण असताना तेरावा महिना येऊन बसावा, आणि तोही असा की ज्यात जावयाला तेहतीस अनारशांचे वाण देण्याची चाल आहे, यात गृहस्थाची जी त्रेधा उडते ती म्हणीच्या तीन शब्दांत पुरी सामावली आहे. पण गणित काय सांगते? एकोणीस वर्षांत सात अधिक महिने येतात. पाऊस पडणे न पडणे याचा पंचांगाशी संबंध नाही. तेव्हा कोणतेही दुष्काळी साल घेतले तरी त्यात तेरावा महिना असण्याचा संभव शेकडा ३७ च्या घरात जातो. सरासरीने पाहता दर तीन दुष्काळांतून एकाहून अधिक दुष्काळांना तेरावा महिना असणार. महाराष्ट्राला अद्याप विसरता न आलेला १९७२ चा दुष्काळ पडला त्या शके १८९४ मध्येही अधिक वैशाख आला होता. म्हण करणाऱ्याने विलक्षण म्हणून जे सांगितले ते पाहता अगदी सर्रास घडणारे निघाले. आणि माझ्या मते म्हण टिकली ती याचमुळे, कारण दर पिढीला तिचा प्रत्यय येत राहिला.

दोरा, सुतळी किंवा कानात घालायच्या यंत्राची तार नीट गुंडाळून ठेवली तरी तिचा गुंता कसा होतो, याचाही शोध लागला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील शाखेत डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी एका खोक्यात दोरी घालून ते यंत्राने फिरविले, असे ३,४१५ वेळा केले, आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: काही सेकंदांतच दोरीला गाठी पडतात, आणि दीड फुटाहून आखूड दोरीला त्या जवळपास पडतच नाहीत. दोरी सरळ राहण्याची रीत एकच, गुंतण्याच्या रीती असंख्य. एवढेच त्यातील मर्म.

तरीसुद्धा सगळीच प्रकरणे गणिताने मिटत नाहीत, आणि काही मिटवूही नयेत असे वाटते. वोल्फगांग पाउली हा विसाव्या शतकातील अग्रगण्य सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ. १९४५ चे नोबेल पारितोषिक त्याचे. परंतु तो नुसता प्रयोगशाळेत शिरला तरी तेथील उपकरणे मोडतात, अशी त्याच्या समव्यवसायी मंडळींत ख्याती होती, आणि हँबुर्गच्या ओटो स्टर्न याने तर आपल्या प्रयोगशाळेत त्याला प्रवेशबंदीच केली होती. एकदा गटिंगेन येथे जेम्स फ्रांकच्या प्रयोगशाळेत एक मौल्यवान उपकरण विनाकारण कोसळले. पाउली त्या वेळी गावात नव्हता, म्हणून फ्रांकने त्याला थट्टेने कळविले की या खेपेस तरी तुझ्यावर आळ नाही. पाउलीने उत्तर धाडले की कोपनहेगनला जाताना माझी गाडी त्याच वेळी गटिंगेनच्या स्थानकात उभी होती. पुढे काही खोडकर मित्रांनी एका समारंभात पाउली दारातून आत येताच वरचे झुंबर खाली यावे अशी दोरीची योजना केली. पाउली आत आला आणि दोरी कप्पीत अडकून झुंबर जागच्या जागी राहिले, असे सांगतात. थट्टेसाठी रचलेला बिघाडच बिघडावा, यापरता निर्णायक पुरावा कोणता? पाउली स्वतः मात्र या ख्यातीवर गंमतीने का होईना पण विश्वास ठेवीत असे, ही गोष्ट विचारवंतांनाही दैवाशी जवळीक बरी वाटते याची साक्ष देते.

मग आपण हसतो ते कशाला? अ‍ॅरिस्टॉटलने हास्यकारक वस्तूचे लक्षण सांगताना, दोष असावा परंतु त्याने पीडा किंवा नाश होऊ नये, अशी अट घातली; भरताने नाट्यशास्त्रात हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा भेद सांगून शिवाय आत्मस्थ आणि परस्थ अशी त्याची विभागणी केली. न. चिं. केळकरांनी 'हास्यविनोदमीमांसा' या ग्रंथात या प्रश्नाची मराठीत सविस्तर छाननी केलेली आहे, तिची पुनरुक्ती येथे नको. मला एवढेच म्हणायचे आहे की, नित्याच्या फजितीतील विनोद नुकसानीत नसतो, तो नुकसान झालेल्याच्या समजुतीत असतो. मेजाची उंची, रांगांची संख्या, दोरीची लांबी या अत्यंत उदासीन गोष्टी. त्यांना आपले नावही ठाऊक नसते. परंतु आपल्याला मात्र असे वाटत राहते की विश्वाच्या कारभारात आपल्या नावाचे एक स्वतंत्र खाते उघडलेले असून त्यावर बारीक नजर ठेवण्यासाठी एक कारकून नेमलेला आहे. स्वतःविषयीची ही अवाढव्य कल्पना आणि पालथा पडलेला भाकरीचा तुकडा या दोहोंतील अंतर जितके मोठे, तितके हसू मोठे. शिवाय स्मरणाचे दफ्तरही पक्षपाती असते. बस वेळेवर आली ती हजारदा आपण नोंदवीत नाही, न आलेली दहादा तारीखवार सांगतो.

चि. वि. जोशी यांचा चिमणराव याच खात्याचा खातेदार. जोशी स्वतः पाली भाषेचे व्यासंगी अध्यापक आणि बडोद्याच्या राजदफ्तराचे अधिकारी. म्हणजे दिवसा ज्यांनी नीटनेटकेपणाची चाकरी केली त्यांनीच लेखणीने गोंधळाला घर दिले. चिमणरावाच्या फजितीत कोणी खलपुरुष नसतो. तो, काऊ, मोरू, मैना, राघू आणि गुंड्याभाऊ ही सर्व सज्जन माणसे प्रत्येकी चांगल्या हेतूने काही तरी करतात आणि त्या सत्कृत्यांची बेरीज होऊन अनर्थ उभा राहतो. मर्फीच्या मापकांतही याहून निराळे काय झाले होते? एकेक तार आपापल्या जागी पक्की बसवलेली होती.

यावर उपाय आहे, आणि तो तुमच्या आमच्या घराच्या भिंतीवर आहे. विजेच्या तीन दांड्यांच्या प्लगकडे पाहावे: जमिनीला जोडणारी वरची दांडी इतर दोहोंपेक्षा जाड आहे, त्यामुळे अंधारात, घाईत, कोणीही प्रयत्न केला तरी प्लग उलटा बसत नाही, आणि ती लांबही आहे, त्यामुळे विजेचा प्रवाह येण्याआधी तिचा संबंध जुळतो. वापरणाऱ्याला उपदेश नाही, सूचनाफलक नाही, चूक करण्याची सोयच काढून घेतलेली आहे. जपानमध्ये शिगेओ शिंगो याने साठीच्या दशकात कारखान्यांच्या कामात याच विचाराला शास्त्राचे रूप दिले. मर्फीच्या उद्‌गाराचा गाळलेला उत्तरार्ध तो हाच.

हा उत्तरार्ध किती सहज विसरला जातो याचा एक दाखला देऊन ही चौकशी संपवितो. सूर्याकडून येणाऱ्या कणांचे नमुने गोळा करण्यासाठी अमेरिकेने २००१ मध्ये 'जेनेसिस' नावाचे यान पाठविले. नमुन्यांची कुपी नाजूक असल्यामुळे ती जमिनीला टेकू द्यायची नव्हती. ती छत्रीने तरंगत यावी आणि हेलिकॉप्टरने तिला अधांतरी पकडावे, अशी तजवीज होती, आणि त्यासाठी चित्रपटांतून साहसी उड्डाणे करणाऱ्या वैमानिकांना शिकवून तयार ठेवले होते. ८ सप्टेंबर २००४ रोजी कुपी यूटाच्या वाळवंटावर आली, छत्री उघडली नाही, आणि ती ताशी सुमारे ३१० किलोमीटरच्या वेगाने जमिनीत रुतली. वातावरणात शिरताना वेग मंदावल्याचा धक्का ओळखून छत्री उघडण्याचा हुकूम देणारी मापके आराखड्यातच उलटी दाखविलेली होती, आणि ती बरहुकूम उलटी बसविण्यात आली होती. मुरॉकच्या त्या घसरगाडीला तोवर पंचावन्न वर्षे झाली होती. त्याच्या आदल्याच वर्षी, २००३ मध्ये, मर्फी, स्टॅप आणि निकल्स या तिघांना हसवून मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनासाठीचे इग्नोबेल पारितोषिक मिळाले होते. कुपीतील तबकड्यांचे तुकडे शास्त्रज्ञांनी चिमट्यांनी वेचून काढले, धुतले, आणि त्यांतून सूर्याच्या घटकद्रव्यांची जी मापे हवी होती त्यांतील बरीचशी मिळविली.